मावशी, उलट्या फिरा

माझा आवाज गोड आहे असं अख्खं शहर म्हणतं. घरचे म्हणत नाहीत, कारण त्यांना माझा दुसरा आवाजही ऐकावा लागतो.

भुयारी रेल्वेत घोषणा करणारी बाई ती मी. जमिनीखाली चार मजले उतरलं की आमची लांबट खोली लागते. तिथे तीन टेबलं आहेत. एकावर सिग्नलवाले काका, दुसऱ्यावर पंखेवाल्या ताई आणि तिसऱ्यावर मी. काका गाड्या हलवतात, ताई बोगद्यातले अजस्र पंखे फिरवून प्रवाशांना हवा पुरवतात, आणि गाडीला उशीर झाला की मी लोकांची माफी मागते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागून मागून माझ्या जिभेला थोडी धार आली आहे, हे मी आधीच कबूल करते.

दोन वर्षं मी तिथे तात्पुरती होते. दर सहा महिन्यांनी नवा कागद, नवी सही आणि पुन्हा तीच धाकधूक. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून घर माझ्या आवाजावर चाललं होतं. येत्या एक तारखेला मला कायम नेमणुकीचं पत्र मिळायचं होतं. ज्या बुधवारी मी माती खाल्ली, त्या बुधवारी एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

दीड ते दोन आमची जेवणाची सुट्टी. तेवढ्या वेळात वरच्या मजल्यावरचे लोक गाड्या सांभाळतात आणि घोषणांची ध्वनिफीत आपोआप वाजत राहते. आम्ही तिघं डबे उघडतो आणि खेळायला बसतो. खेळाचं नाव ‘मावशी’. तो काकांनी काढलेला. एक मावशी आहेत, त्यांच्याजवळ एक लोखंडी ट्रंक आहे, आणि त्यांना आपल्या बहिणीकडे, म्हणजे वेधशाळा स्टेशनाला जायचं आहे. प्रत्येकानं आपल्या पाळीला मावशींना एका स्टेशनावरून दुसऱ्यावर न्यायचं आणि जाता जाता एखादा नियम सांगून पुढच्याची पंचाईत करायची. नियम कुठला? तोंडाला येईल तो. पण चेहरा न हलवता सांगितलेला नियम कुणी नाकारायचा नाही. फार तर ‘हो, पण’ म्हणून त्याला शेपूट जोडायचं. जो हसला, किंवा ज्यानं ‘छे, असा नियमच नाही’ म्हटलं, तो हरला. त्यानं चार मजले चढून सगळ्यांसाठी चहा आणायचा.

नवीन होते तेव्हा पहिला महिनाभर चहा मीच आणला. काका अगदी गंभीरपणे सांगायचे, “दगडी चौकात शिंक आली तर मागच्या स्टेशनाचं तिकीट पुन्हा काढावं लागतं,” आणि मी फस्सकन हसायचे. पुढे पुढे मी असली तयार झाले की नवरा म्हणतो, हल्ली तू खोटं बोलतेस की खरं ते कळेनासं झालंय. घोषणेचं शिक्षण मला सरकारनं दिलं, पण चेहरा सरळ ठेवायचं शिक्षण काकांचं.

आता माझ्या टेबलाबद्दल सांगायला हवं. माईक चालू करायला हात मोकळे नसतात, म्हणून खाली पायानं दाबायचं पेडल आहे. ते दाबलं की ध्वनिफीत गप्प होते आणि मी बोलते ते एकोणीस स्टेशनांवर ऐकू जातं. दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही, काही नाही. म्हणूनच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘टेबलाखाली कोणतीही वस्तू ठेवू नये.’ तात्पुरत्या माणसानं हा नियम मोडला तर थेट घरी.

त्या बुधवारी मी घाईत होते. सुट्टी लागताच डब्यांची पिशवी टेबलाखाली सरकवली आणि ती बरोबर पेडलवर जाऊन बसली. जेवायला घेतलं ते तिघांनीही ताईंच्या डब्यातलं, कारण त्यांच्या बहिणीनं काहीतरी खास करून पाठवलं होतं. त्यामुळे पिशवी तशीच राहिली आणि खेळ सुरू झाला.

“मावशी नाट्यगृहाला गाडीत बसल्या,” काका म्हणाले. “आज बुधवार, त्यामुळे कापड बाजारला डाव्या पायानं उतरायला बंदी.”

“हो, पण जवळ ट्रंक असेल तर बंदी उजव्या पायालाही,” ताई खिडकीबाहेर बघावं तसं भिंतीकडे बघत म्हणाल्या.

म्हणजे दोन्ही पाय गेले. मावशी अडकल्या. पाळी माझी होती. मला उगीच रंग भरायची हौस, म्हणून मी खुर्ची पुढे ओढली, माईकसमोर मान ताठ केली आणि माझ्या सरकारी आवाजात सुरू केलं.

“मावशी, कृपया लक्ष द्या. आपण कापड बाजार स्टेशनावर उतरू नये. लोखंडी पूल येथे उतरावे, सामान डोक्यावर घ्यावे, आणि फलाटावर तीन वेळा उलट्या फिरून मगच पुढच्या गाडीत बसावे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

काकांनी मान डोलावली. ताईंनी टेबलावर बोटानं टकटक करून दाद दिली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात लोखंडी पुलाचा फोन वाजला.

“अहो,” तिथले स्टेशनमास्तर म्हणाले, “माझ्या फलाटावर सात बायका उलट्या फिरतायत. एकीजवळ सामान नाही म्हणून तिनं चष्म्याची पेटी डोक्यावर धरलीय. नियमाला माझी हरकत नाही, पण लेखी आदेश कधी येणार तेवढं सांगा.”

मी वाकून टेबलाखाली बघितलं. पिशवी पेडलवर आरामात बसली होती.

आपल्याकडे वयानं मोठी दिसेल त्या बाईला सगळेच मावशी म्हणतात, हे मी विसरले नव्हते. पण एकोणीस स्टेशनांवरच्या तमाम मावश्यांना मी एकाच वेळी हुकूम सोडीन असं कुणाच्या ध्यानीमनी असणार? कुणाला लागलं नाही, कुणाची गाडी फार चुकली नाही. तक्रार फक्त एक आली, तीही एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची, तीन पानी. बाईंनी उलटं फिरण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांची तक्रार एवढीच होती की हा नियम फक्त मावश्यांना का, काका मंडळींना का नाही?

तक्रार एक असली तरी तिला चौकशी लागतेच. शुक्रवारी चौकशीच्या मॅडम खाली उतरल्या. काळी फाईल, गरम पाण्याचा थर्मास, आणि ज्या माणसाकडे बघतील त्याला आपण केलेलं आणि न केलेलं सगळं आठवावं अशी नजर. त्यांच्या तावडीतून अजून कुणी सुटलं नाही असं वरचे लोक सांगत. टेबल प्रत्यक्ष बघायचं म्हणून त्यांनी आमचं काम तेवढ्यापुरतं वरच्या मजल्यावरच्यांकडे दिलं, आमच्याच खोलीत ठाण मांडलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. आधी काकांना आत घेतलं, मग ताईंना, शेवटी मला. मधे एकमेकांशी बोलायची बंदी. मी बाकावर बसून मनात पाठ करत होते, पिशवी माझी, चूक माझी, पुन्हा होणार नाही. हे खरं तेवढं सांगायचं आणि डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

आत गेले तर मॅडम थेट पिशवीवर आल्याच नाहीत.

“हा खेळ मला समजून घ्यायचाय,” त्या म्हणाल्या. “सिग्नलवाले म्हणतात, बुधवारी डाव्या पायानं उतरायला बंदी असते. पंखेवाल्या बाई म्हणतात, बंदी उजव्या पायाला. खरं काय?”

“दोन्ही खरं,” मी म्हणाले. सवयीचा परिणाम, दुसरं काय! “डाव्याची बंदी गाडीतून फलाटावर उतरताना. उजव्याची फलाटावरून जिन्याकडे जाताना.”

मॅडमनी ते लिहून घेतलं. “पण पंखेवाल्या बाई म्हणाल्या, उतरायच्या आधी बोगद्यातल्या वाऱ्याची दिशा बघावी लागते.”

“हो, पण ती ताईंनाच कळते. आम्ही त्यांना विचारतो.”

“आणि मावशी जिना चढू शकत नाहीत म्हणे. सरकता जिना बंद असेल तर.”

“चढू शकतात. ट्रंक आधी वर पाठवायची.”

“कुणी पाठवायची?”

“ज्याची पाळी असेल त्यानं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि थर्मासच्या झाकणात पाणी ओतलं. “मी बावीस वर्षं चौकश्या करतेय. तीन माणसं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकमेकांना खोटं पाडत नाहीत, असं पहिल्यांदाच बघतेय. तुम्ही हे आधी ठरवून आलात?”

“नाही मॅडम. खेळच तसा आहे. समोरच्यानं सांगितलेलं नाकारायचं नाही.”

“बरं,” त्यांनी पान उलटलं. “मग आता साधा प्रश्न. पेडलवरची ती पिशवी सिग्नलवाल्यांची होती. तशी त्यांनी कबुली दिलीय. तुमच्या टेबलाखाली त्यांनी ठेवली, तुम्हाला माहीत नव्हतं. बरोबर?”

मी बंद दाराकडे बघितलं.

काकांना निवृत्त व्हायला तीन महिने होते. चौतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकावर एक ठिपका नव्हता. आमच्याकडे अशी रीत आहे, की ज्याची सेवा निष्कलंक, त्याला शेवटच्या दिवशी चालकाच्या केबिनमध्ये बसवून सगळ्या मार्गावरून फिरवून आणतात. काकांनी चौतीस वर्षं दिव्यांच्या पाटीवर गाड्या हलवल्या, पण बोगदा समोरून कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसासाठी त्यांनी नवीन शर्ट आतापासून घेऊन ठेवला होता. आणि हा माणूस ते सगळं माझ्या पत्रासाठी फेकून देऊन बाहेर बाकावर शांत बसला होता.

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. एक तारखेचं पत्र, घरच्यांचे चेहरे, सगळं त्या एका ‘हो’वर होतं. आणि खेळाचा नियमही तेच सांगत होता. मला काकांचा इतका राग आला की विचारू नका. त्याहून जास्त माया दाटून आली, म्हणूनच राग आला असणार.

“नाही,” मी म्हणाले. “साफ खोटं बोलतायत ते. पिशवी माझी. मीच ठेवली.”

“त्यांनी सही केलीय.”

“करू देत. त्यांना बोलवा आत, माझ्यासमोर म्हणू देत.”

माझा तो दुसरा आवाज लागला होता, घरचा. मॅडमनी भुवया वर केल्या, पण उठून दार उघडलं. काका आले, पाठोपाठ ताईही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

“या म्हणतात, पिशवी त्यांची आहे,” मॅडम म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चेहरा न हलवता त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनीच शिकवलेलं ते. मग त्यांचे खांदे खाली आले.

“हो,” ते म्हणाले. “पिशवी तिचीच. पण तिच्यात माझा डबा होता.”

हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? काकू गेल्यापासून काका दुपारी पाव खाऊन भागवायचे. चार पोळ्या करायच्या तिथे सात केल्या, यात कसले उपकार? वर्षभर मी दोन डबे आणत होते, एवढंच.

“त्यानं काय फरक पडतो?” मॅडमनी विचारलं.

“वजनाचा फरक पडतो,” ताई पहिल्यांदाच बोलल्या. त्यांना यंत्रांखेरीज फारसं कशातलं बोलायला आवडत नाही. “एका डब्यानं पेडल खाली जाणार नाही. माझी पैज.”

मॅडमना असली संदिग्ध गोष्ट सोडवत नसावी. त्या माझ्या खुर्चीत बसल्या, मला पिशवी आणायला लावली आणि एक डबा काढून ती पेडलवर ठेवायला सांगितली. पेडल जागचं हललं नाही. मग काकांचा डबा आत घातला. मॅडम खाली वाकल्या, चष्मा सावरून टेबलाखाली बघू लागल्या.

“आता दाबलं गेलं? मला तर काहीच दिसत नाही. आवाज नाही, दिवा नाही. म्हणजे हे चालू आहे का बंद, ते माणसाला कळायचं कसं?”

त्या सरळ बसल्या. माईक त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ताईंनी डोळे गच्च मिटून घेतले. काका छताकडे बघू लागले.

“ते असू दे,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अचानक अगदी साधा झाला. “मला एक सांगा, त्या मावशींचं शेवटी झालं काय? दोन दिवस माझ्या डोक्यात ती बिचारी ट्रंक घेऊन उलटी फिरतेय. झोप नाही मला. पोचली का ती बहिणीकडे?”

आधी लोखंडी पुलाचा फोन वाजला. मग कापड बाजाराचा. मग तीनही टेबलांवरचे सगळे फोन एकदम वाजायला लागले. मॅडमनी जवळचा फोन उचलला. स्टेशनमास्तरांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

“मॅडम, फलाटावरचे लोक विचारतायत. पोचल्या का मावशी? गाडी आलीय, पण कुणी चढत नाहीये.”

मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी पेडलकडे बघितलं, माईककडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. बावीस वर्षं ज्या नजरेनं लोकांना घाम फोडला, ती नजर आता कुठे लपावं ते शोधत होती. मला हसू यायला हवं होतं, पण मला त्यांची दया आली. दोन दिवसांपूर्वी मी तिथेच, तशीच बसले होते.

“लोकांना काहीतरी सांगावं लागेल,” त्या हळूच म्हणाल्या.

मी वाकून पिशवी बाजूला केली, पेडलवर पाय ठेवला आणि माईक माझ्याकडे वळवला.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मावशी वेधशाळा येथे सुखरूप उतरल्या आहेत. त्यांची बहीण त्यांना घ्यायला आली होती. सर्वांनी आपापल्या गाडीत बसावे.”

पाय उचलला तेव्हा मॅडमच्या हातातल्या फोनमधून टाळ्या ऐकू येत होत्या. खूप टाळ्या. मॅडमनी फोन लगेच ठेवला नाही. तो कानापासून थोडा लांब धरून त्या ऐकत राहिल्या.

मग त्यांनी फाईल ओढली, काकांची कबुली असलेला कागद काढला, त्याची चौकोनी घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. कोऱ्या पानावर लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. “पेडल सदोष आहे. त्यावर पिशवी ठेवल्यास कोणाच्याही लक्षात येत नाही. चौकशी अधिकाऱ्यानं याचा स्वतः अनुभव घेतला. पेडल बदलावं. कर्मचाऱ्यांविरुद्ध कारवाईची शिफारस नाही.” सही केली. जाताना दारात थांबून मला म्हणाल्या, “तुमचं पत्र एक तारखेला येईल. ते मी अडवणार नाही. डबा मात्र टेबलावर ठेवत जा.”

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. ताईंनी माझ्या दिशेचा पंखा वाढवला.

काका संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पाळी संपल्यावर आम्ही दोघं जिना चढायला लागलो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर ते एकदम म्हणाले, “चौतीस वर्षांत पहिल्यांदा कामावर खोटं बोललो, तेही तुझ्यासाठी. आणि तू मला तोंडघशी पाडलंस.”

“पाडलं. पुन्हा बोललात तर पुन्हा पाडीन.”

“त्या केबिनमध्ये नसतो बसलो तरी मला चाललं असतं, पोरी.”

“मला नसतं चाललं,” मी म्हणाले. “आयुष्यभर नसतं चाललं.”

पुढचा मजला आम्ही चढलो. तिसऱ्या मजल्यावर ते कठड्याला धरून दम घ्यायला थांबले, आणि खाली बघत, जणू सहज आठवलं म्हणून विचारलं, “तीन महिन्यांनी मी घरी बसलो की दुपारी काय करायचं माणसानं?”

एवढ्या मोठ्या माणसाला ही भीती असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांच्या डब्याचा विचार वर्षभर केला, पण त्यांच्या दुपारचा एकदाही केला नाही. मला स्वतःची लाज वाटली.

“आमच्याकडे या,” मी म्हणाले. “नवरा घरीच असतो, बोलायला माणूस नाही म्हणून वैतागतो. मुलगी चारला शाळेतून येते, तिला हसवायचं नाही, एकदा हसायला लागली की रात्रीपर्यंत थांबत नाही. आणि रविवारी मी असते. रोज या.”

काकांनी रुमाल काढून तोंड पुसलं. मग कठडा सोडला.

“येईन,” ते म्हणाले.